पुन्हा स्वारगेटपासून

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या तळमजल्यावर, फिजिओथेरपी विभागाला लागून, वाचा-उपचाराची लहानशी खोली आहे. तिथं आठवड्याच्या ठरलेल्या दुपारी भाषाशास्त्राच्या एक प्राध्यापिका येऊन बसतात. मेंदूला इजा झाली की मराठी माणसाची मराठी नेमकी कुठं आणि कशी मोडते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘बोलणं’ हा विषय कळवला, तेव्हा ज्यांचं बोलणं एका सकाळी अचानक थांबलं त्यांच्याकडे जावं असं मला वाटलं. चौकशी करत मी या खोलीपर्यंत पोचले. प्राध्यापिकाबाईंच्या दोन अटी होत्या : रुग्णांची ओळख कुठंही द्यायची नाही आणि त्यांचंही नाव छापायचं नाही. रुग्ण आणि नातेवाईक त्यांना ‘मॅडम’ म्हणतात. मीही तेच म्हणेन.

अंगठ्याआधी

समोर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवा हात मांडीवर निर्जीव, डाव्या हातात रुमाल. शेजारी पत्नी. संशोधनात भाग घ्यायचा तर आधी लेखी संमती लागते. ज्याला बोलता येत नाही, वाचताना अडखळायला होतं आणि सहीचा हात चालत नाही, अशा माणसाची संमती घ्यायची कशी?

रुग्णालयाच्या नैतिकता समितीचा नेहमीचा अर्ज चार पानी आहे, बारीक टायपातला. मॅडमनी त्याच्या जोडीला एक चित्रवही केली आहे. एका पानावर एकच गोष्ट. पहिल्या पानावर दोन माणसं आणि मधे रेकॉर्डर. दुसऱ्यावर चित्रांची थप्पी. तिसऱ्यावर उभा तळहात : कंटाळा आला की थांबायचं. पान दाखवायचं, सावकाश दोन वाक्यं बोलायची आणि मग उलटा प्रश्न विचारायचा. “मी तुम्हाला औषध देणार आहे का?” काकांनी मान हलवली, नाही. “हे रेकॉर्ड करणार आहे का?” हो.

काकूंना हा सगळा उशीर वाटत होता. “घ्या हो त्यांचा अंगठा. मी सांगते ना तुम्हाला!” मॅडम हसल्या, पण थांबल्या नाहीत. या आजारात ‘हो’च्या जागी ‘नाही’ तोंडातून जाऊ शकतं, म्हणून प्रत्येक उत्तर दोन्ही बाजूंनी तपासून घ्यावं लागतं. अर्ध्या तासाने काकांनी डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि तो कागदावर टेकवण्याआधी मॅडमकडे पाहून एकदा स्वतःहून मान डोलावली.

या संशोधनाची खरी परीक्षा त्या अर्ध्या तासात आहे, असं मला वाटतं. बोलता न येणाऱ्या माणसाच्या वतीने बोलायला सगळेच पुढे असतात. त्याला स्वतःला विचारत बसायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे फार थोड्यांना जमतं.

काय जातं, काय राहतं

नातेवाईक याला वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. कुणी म्हणतं वाचा गेली, कुणी म्हणतं जीभ जड झाली, कुणी नुसतंच ‘लकव्याचा झटका’ म्हणतं. डॉक्टरांच्या कागदावर ‘अफेजिया’ लिहिलेलं असतं. मराठीत आता वाचाघात हा शब्द रुळतो आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांच्या, शंभरातल्या साधारण पंचाण्णवांच्या, भाषेची मुख्य जबाबदारी मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे असते. त्या भागाला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी गुठळीने बंद झाली, की काही मिनिटांत तिथल्या पेशी मरायला लागतात. शरीराची उजवी बाजूही तोच भाग चालवतो, म्हणून उजवा हात आणि बोलणं पुष्कळदा बरोबरच जातात. स्ट्रोक आलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला सुरुवातीला वाचाघात असतो. अपघातात डोक्याला मार बसला, गाठ झाली किंवा मेंदूत संसर्ग झाला तरी तो होऊ शकतो.

जिभेचा इथं दोष नसतो. जीभ-ओठांचे स्नायू लुळे पडून उच्चार अस्पष्ट होणं हा निराळा त्रास; तो याच्या जोडीने येऊ शकतो. वाचाघातात खुद्द भाषाच विस्कटते : शब्द शोधणं, वाक्य जुळवणं, ऐकलेलं समजणं, वाचणं, लिहिणं. कुणाचं यातलं काय जाईल आणि काय राहील, ते प्रत्येकाचं वेगळं.

कंडक्टरकाकांना मॅडमनी आजारपणाची सकाळ कशी होती ते विचारलं. “सकाळ… चहा… कप… हात… पडला. कप… पडला. आणि… आणि… नाही.” प्रत्येक शब्दासाठी मान पुढे येत होती, कपाळावर घाम. पण जे आलं ते नेमकं होतं. ती सकाळ त्या दहा शब्दांत पुरती दिसली.

त्यानंतर आलेल्या निवृत्त शिक्षिका अगदी उलट. बोलणं अस्खलित, आवाजात वर्गावरचा जुना ठसका. “अहो, ते मी त्याच्यातच तर तसं ठेवून आले ना, मग ती वरची सगळी करून घेतली की ते होतंय आपलं चालू…” सूर बरोबर, क्रियापदं जागच्या जागी, अर्थाचा मात्र पत्ता नाही. आपण बोललो ते समोरच्याला कळलेलं नाही, हेही त्यांच्या लक्षात येत नव्हतं. मुलगा सांगत होता, पहिले काही दिवस घरच्यांना वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. हात-पाय ठणठणीत असल्याने स्ट्रोकची शंकाच आली नव्हती.

या दोन टोकांच्या मधे असंख्य माणसं आहेत. भोरहून आलेल्या एका आजींपुढे उलथन्याचं चित्र ठेवलं. “ते नाही का… भाकरी उलटायचं… तव्यावर… काय मेलं ते…” आजी हाताने भाकरी उलटून दाखवत होत्या. वस्तू माहीत, उपयोग माहीत, नाव तेवढं हाताशी येत नाही. मॅडमनी ‘उ’ म्हटल्याबरोबर आजी म्हणाल्या, “उलथनं!” शब्द गेलेला नव्हता. त्याच्यापर्यंतची वाट बंद झाली होती.

वाचाघाताने बुद्धी जात नाही, हे थेरपिस्ट नातेवाइकांना पुनःपुन्हा सांगतात. मोठ्या स्ट्रोकमध्ये स्मरण, लक्ष यांनाही धक्का बसू शकतो, पण बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं धरून चालणं साफ चूक आहे. कंडक्टरकाकांपुढे खेळण्यातल्या नोटा ठेवल्या. तीन तिकिटं, प्रत्येकी पासष्ट, दिले पाचशे. ‘पासष्ट’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. पण डाव्या हाताने त्यांनी क्षणात तीनशे पाच रुपये मोजून पुढे सरकवले. मोड परत देताना चेहऱ्यावर ड्युटीवरचा भाव होता.

लबोर्न यांची बोटं

आज जगभर या विषयाचा अभ्यास करणारे लोक आपली सुरुवात ज्या माणसापासून मोजतात, तो डॉक्टर नव्हता. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एकवीस वर्षं राहिलेला तो एक रुग्ण होता. आडनाव लबोर्न. लहानपणापासून फिट्स यायच्या. तिशीत वाचा गेली आणि रुग्णालयात भरती व्हावं लागलं. काहीही विचारलं की तो ‘ताँ’ हा एकच ध्वनी काढायचा, बहुधा दोनदा, वेगवेगळ्या सुरात. हातवारे करून बरंचसं समजावून द्यायचा. ते कुणाला कळलं नाही की चिडायचा, आणि रागाच्या भरात एक शिवी स्वच्छ तोंडातून निघायची. रुग्णालयात सगळे त्याला ‘ताँ’ म्हणूनच ओळखायचे.

एप्रिल १८६१ मध्ये पायाला चिघळलेली जखम घेऊन तो शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या कक्षात आला आणि थोड्याच दिवसांत, १७ एप्रिलला, वारला. ब्रोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळापुढे ठेवला : डाव्या बाजूला पुढच्या भागात मोठी इजा होती. उच्चारित भाषेची जागा मेंदूत दाखवता येते, या दाव्याला तिथून जोर मिळाला आणि मेंदूच्या त्या भागाला पुढे ब्रोकांचं नाव पडलं. १८७४ साली कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरने दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांचं बोलणं वाहतं पण समजणं बिघडतं. आपल्या शिक्षिकाबाई त्या प्रकारात मोडतात.

मॅडम विद्यार्थ्यांना ब्रोकांचा निबंध वाचायला लावतात, तो मेंदूच्या वर्णनासाठी नव्हे, त्याआधी लिहिलेल्या तपासणीसाठी. बिसेत्रमध्ये किती वर्षं झाली, असं ब्रोकांनी लबोर्नला विचारलं. त्याने पंजा चारदा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. अचूक. दुसऱ्या दिवशी ब्रोकांनी तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर आलं. पुन्हा विचारल्यावर, आपल्याकडून सराव करून घेतला जातोय हे लबोर्नने ओळखलं आणि ती शिवी ऐकवली. त्याच वर्षी ब्रोकांकडे लेलों नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे दुसरे रुग्ण आले. त्यांच्याकडे फक्त पाच शब्द उरले होते. कुठलीही संख्या सांगायची झाली की ते मोडकातोडका ‘तीन’ म्हणायचे आणि खरा आकडा बोटांनी दाखवून आपली चूक आपणच दुरुस्त करायचे.

ब्रोकांनी हे दोन्ही मेंदू कापले नाहीत. अखंड जपून ठेवले. त्यामुळे जवळजवळ दीड शतकाने त्यांच्याकडे पुन्हा पाहता आलं. कॅलिफोर्नियातल्या नीना ड्रॉन्कर्स यांनी अनेक वर्षं स्ट्रोकनंतरच्या वाचाघाताच्या रुग्णांच्या चाचण्या आणि त्यांचे मेंदूचे स्कॅन एकमेकांशी ताडून पाहण्याचं काम केलं आहे. फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लबोर्न आणि लेलों यांच्या जपलेल्या मेंदूंचे एमआरआय काढले आणि २००७ साली ते प्रसिद्ध केले. वरून दिसणाऱ्या इजेपेक्षा दोन्ही मेंदूंत ती कितीतरी खोल गेली होती. पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत पोचली होती. ज्या भागाला आज ब्रोकांचं नाव आहे, तो आणि ब्रोकांनी प्रत्यक्ष पाहिलेला भाग तंतोतंत एक नाहीत, हेही त्यातून पुढे आलं. ‘बोलण्याचं केंद्र इथं, समजण्याचं तिथं’ हा शाळेतला नकाशा आता कुणी जसाच्या तसा मानत नाही. भाषा पसरलेल्या जाळ्याच्या आधाराने चालते आणि त्यात तंतूंची जोडणी भागांइतकीच महत्त्वाची आहे.

लबोर्नचं पूर्ण नाव मात्र २०१३ पर्यंत कुणी शोधलंच नव्हतं. पोलंडचे इतिहासकार त्सेझारी डोमान्स्की यांनी जुन्या नोंदी चाळून ते काढलं : लुई व्हिक्टर लबोर्न, मोरे या गावचा, चपला-बूट बनवताना लागणारे लाकडी साचे करणारा कारागीर. त्याच्या मेंदूवर दीडशे वर्षं लिहिलं गेलं, आणि तो काय काम करायचा हे एवढ्या उशिरा कळलं. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. मॅडमच्या वहीत प्रत्येक रुग्णाच्या पानावर वयाच्याही आधी व्यवसाय लिहिलेला असतो.

डबा, स्टूल आणि उतू जाणारं दूध

वाचाघाताच्या तपासणीत एक चित्र जगभर वापरतात. बोस्टनच्या हॅरल्ड गुडग्लास आणि एडिथ कॅप्लान यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीतलं. आई बशी पुसते आहे, सिंक भरून पाणी जमिनीवर वाहतंय, मागे मुलगा डगमगत्या स्टुलावर चढून बिस्किटांच्या बरणीत हात घालतोय. रुग्णाने चित्रात काय चाललंय ते सांगायचं. याच गटाची वस्तूंची नावं विचारणारी साठ चित्रांची चाचणी आहे. त्यात प्रेट्झेल आहे, बीव्हर आहे, इग्लू आहे. भोरच्या आजींनी इग्लू ओळखला नाही, तर बिघाड आजींच्या मेंदूत की चित्राच्या निवडीत?

साठच्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थेत या विषयाचं शिक्षण सुरू झालं आणि तिथून शिकलेल्यांनी देशभर हे काम नेलं. पण हाताशी असलेल्या बऱ्याच चाचण्या इंग्रजीत जन्मलेल्या. मॅडमचं निम्मं काम, मराठीतूनच मराठीसाठी चाचणी उभी करण्याचं आहे, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

त्यांनी स्वतःचं चित्र काढून घेतलं. ओट्यावर दूध उतू जातंय, आई खिडकीतून शेजारणीशी बोलतेय, मुलगा स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा ओढतोय, खाली मांजर. पहिल्या आवृत्तीत ओट्याखाली गॅसचा सिलिंडर नव्हता. एका निरोगी बाईंनी चित्र पाहून आधी तेच विचारलं. सिलिंडर आला. चाचणी रुग्णांवर वापरण्याआधी ती अशा निरोगी माणसांना द्यावी लागते, वेगवेगळ्या वयाच्या, शिकलेल्या, न शिकलेल्या, शहरातल्या, गावातल्या. शंभरातल्या नव्वदांनी एखाद्या चित्राला एकच नाव दिलं, तरच ते चित्र उपयोगाचं.

मग अडचणी सुरू होतात. पेरूच्या चित्राला नागपूरकडचा माणूस जाम म्हणतो, बटाट्याला आलू. हे चूक धरायचं नाही, पण मोजणीच्या वेळी तपासणाऱ्याला ते माहीत हवं. सांडशी, पोळपाट, चिमटा बायका झटकन सांगतात, पुरुष विचारात पडतात. पाना-पक्कड आली की उलटं. शाळेत न गेलेल्यांचा प्रश्न आणखी निराळा. पोर्तुगालमध्ये शाळेत न गेलेल्या माणसांचा अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. खऱ्या वस्तूंची नावं ती माणसं शिकलेल्यांइतकीच चांगली सांगत होती, रेषाचित्रांपाशी मात्र अडत होती. कागदावरच्या रेषांत वस्तू पाहायची सवय शाळेने लागते. म्हणून मॅडमच्या पिशवीत चित्रांबरोबर खरा चमचा, कुलूप, कंगवा, वाटी असं सामान असतं. ही पिशवी बसमधून आणताना त्यांना पुष्कळदा हातगाडीवर काय विकता असं विचारलं गेलंय.

सगळ्यात वेळ जातो तो रेकॉर्डिंग कागदावर उतरवण्यात. दहा मिनिटांच्या बोलण्याला काही तास लागतात. प्रत्येक अडखळ, प्रत्येक ‘अं’, अर्धवट सोडलेला प्रत्येक शब्द लिहायचा. दोन शब्दांमधली शांतता मोजायची. स्वच्छ करून लिहिलेलं बोलणं या अभ्यासाला कामाचं नाही.

शेवटचं अक्षर

मराठी या आजारात कशी मोडते ते मॅडमनी मला एका ओळीवरून दाखवलं. कागदावर उतरवलेल्या बोलण्यात लिहिलं होतं : ‘आई… भाकरी केला.’

इंग्रजी बोलणारा ब्रोका प्रकारचा, म्हणजे काकांसारखा तुटक बोलणारा, रुग्ण क्रियापदांचे प्रत्यय गाळून मोकळा होतो. उरलेला तुकडाही इंग्रजीत शब्दच असतो. म्हणून फार काळ अशी समजूत होती, की या आजारात व्याकरणाचे बारके तुकडे गळून पडतात. इस्रायली भाषाशास्त्रज्ञ योसेफ ग्रोजिन्स्की यांनी १९८४ साली हिब्रूच्या आधारे हे ताडून पाहिलं. जिथं प्रत्ययाविना शब्द उभाच राहत नाही, तिथला रुग्ण गाळत नाही. एका प्रत्ययाच्या जागी दुसरा घालतो. मराठीचंही तसंच. ‘केला, केली, केलं’ यांतलं काहीतरी एक निवडावंच लागतं. आणि भूतकाळात ‘आईने भाकरी केली’ म्हणताना क्रियापद आईकडे पाहत नाही, भाकरीकडे पाहतं. आईचा ‘ने’ गळला आणि शेवटच्या अक्षराला भाकरी सापडली नाही, की ‘आई… भाकरी केला’ निघतं. आपण हे दिवसातून शेकडो वेळा विनासायास जुळवतो. दुखावलेल्या मेंदूला त्या एका अक्षरात तीन-चार गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

समजण्याच्या बाजूनेही असंच होतं. दोन चित्रं ठेवून मॅडम म्हणाल्या, “मुलगा मुलीला ढकलतो.” काकांनी बरोबर चित्रावर बोट ठेवलं. “मुलाला मुलगी ढकलते.” बोट पुन्हा त्याच चित्रावर. ‘मुलाला’मधला ‘ला’ निसटला की पहिला येईल तो कर्ता. नेहमीच्या क्रमातलं वाक्य कळतं आणि फिरवलेलं कळत नाही, हे अनेक भाषांत दिसून आलेलं आहे. घरच्यांना मात्र यातून वाटतं, हे कधी ऐकतात, कधी ऐकत नाहीत. मनावर घेत नाहीत. “मीही असंच म्हणायचे,” काकू म्हणाल्या. आता त्या मुद्दाम साध्या क्रमाने बोलतात.

घरातल्या दोन भाषा

सोलापूरहून आलेले एक विणकर घरी तेलुगू बोलतात, बाजारात मराठी, आणि हिंदी सिनेमांची हिंदी त्यांना येते. स्ट्रोकनंतर घरच्यांचा पहिला प्रश्न होता : आता कुठली भाषा परत येईल? हा प्रश्न जुना आहे. फ्रान्समध्ये रिबो यांनी १८८१ मध्ये म्हटलं, आधी शिकलेलं जास्त टिकतं. पित्र यांनी १८९५ साली म्हटलं, स्ट्रोकआधी जी भाषा सर्वांत जास्त वापरात होती ती आधी परतते. पुढच्या शेकडो रुग्णांनी दोन्ही नियम मोडलेले आहेत. बहुतेकांच्या सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात. काहींची एक पुढे जाते आणि दुसरी मागे राहते.

या बाबतीत भारताकडे जगाचं लक्ष आहे, कारण एकापेक्षा जास्त भाषांत रोज वावरणारी इतकी माणसं इतरत्र एका जागी क्वचित भेटतात. हैदराबादला न्यूरॉलॉजिस्ट सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या ६०८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास २०१६ साली आला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के रुग्णांची विचारशक्ती स्ट्रोकनंतर शाबूत होती. एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के निघालं. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखं. म्हणजे दुसरी भाषा वाचाघात टाळत नाही, पण स्मरण, लक्ष, निर्णय यांना काहीसा आधार देत असावी.

विणकरांच्या मुलाला कुणीतरी सल्ला दिला होता, गोंधळ नको, घरात फक्त मराठी बोला. मॅडमनी तो सल्ला तिथल्या तिथं काढून टाकला. ज्या भाषेत घर चालतं ती बंद केली, तर माणूस घरातच एकटा पडतो.

न अडखळणारं

काकूंनी एक गोष्ट दबक्या आवाजात सांगितली होती, जणू ती दोषाची असावी. “माझं नाव येत नाही त्यांना. पण आरती म्हणतात सबंध.” हे ऐकून इथं वाचा-उपचार करणाऱ्या थेरपिस्ट ताईंना नवल वाटलं नाही. पाढे, वार, महिने, स्तोत्रं, शिव्या : हजारदा म्हणून घट्ट बसलेलं बोलणं आणि आत्ता या क्षणी जुळवायचं बोलणं यांत मोठा फरक आहे, हे इंग्लंडचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं. घट्ट बसलेल्या बोलण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही हातभार असावा असं मानतात.

ताईंनी काकांना विचारलं, “तुमचा रूट कुठला?” काका थांबले. ताईंनीच सुरुवात करून दिली, “स्वारगेट…”

“स्वारगेट, कात्रज, खेड-शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड, सातारा!” एका दमात. शेवटी डावा हात नकळत वर गेला, घंटीच्या दोरीकडे. सगळी खोली हसली, काका सर्वांत मोठ्याने.

“आणि शिरवळनंतर कुठलं?” ताईंनी विचारलं. काका गप्प. ओठ हलले, काही आलं नाही. मग त्यांनी मान हलवली, पुन्हा स्वारगेटपासून सुरुवात केली आणि शिरवळ ओलांडून खंडाळ्यावर आल्यावर टेबलावर हात आपटला. साखळी सलग आहे, पण मधली कडी सुटी काढता येत नाही.

नातेवाईक इथं फसतात. आरती म्हणतात म्हणजे बोलता येतंय, मुद्दाम बोलत नाहीत, असा अर्थ लावला जातो. किंवा मग दिवसभर आरतीच म्हणवून घेतली जाते, आणि चहा हवा हे सांगायचं राहून जातं. सूर-तालाचा उपचार म्हणून उपयोग होतो. बोस्टनमध्ये १९७३ साली त्याची शिस्तशीर पद्धत बांधली गेली. पण तिच्यात गाणी म्हणायची नसतात. रोजच्या कामाचं छोटं वाक्य हेल काढून, डाव्या हाताने ठेका धरत म्हणायचं आणि हळूहळू हेल कमी करत बोलण्यावर यायचं. ताई काकांकडून ‘पाणी दे’ असं म्हणून घेत होत्या. ‘पाणी’वर सूर खाली, ‘दे’वर वर.

याने फायदा होतो का? वाचा-उपचारांवरच्या ५७ चाचण्यांचा एकत्र आढावा २०१६ साली घेतला गेला, तेव्हा रोजच्या संवादात उपचारांनी फरक पडतो असंच दिसलं. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो, पण वर्षांनंतरही माणसं नवे शब्द परत मिळवतात. अडचण येते ती सातत्याची. आठवड्यातून एकदा येणंही कित्येकांना परवडत नाही. कंडक्टरकाकांना आणायला मुलाला अर्धी रजा टाकावी लागते. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट मिळतो, वाचा-उपचार करणारं कुणी मिळत नाही. हात-पाय हलू लागले की रुग्ण ‘बरा’ म्हणून घरी जातो, आणि घरात कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहतो.

बँकेतली तीन वाक्यं

ताईंनी काकांना विचारलं होतं, तुम्हाला कुठं बोलायचंय? चित्रांतून त्यांनी दवाखाना बाजूला सारला, किराणा बाजूला सारला आणि बँकेवर बोट ठेवलं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं. गेल्या वर्षी काउंटरवरच्या माणसाने सगळे प्रश्न काकूंना विचारले होते. काका शेजारी उभे होते आणि ते हयात आहेत का, हे त्यांच्या पत्नीला विचारलं जात होतं. सांगताना काकूंचा आवाज अजूनही तापला.

म्हणून आता बँकेत म्हणायच्या तीन वाक्यांचा रोज सराव चालतो, घोटून घोटून, वाक्य आपसूक येईपर्यंत. शिवाय शर्टाच्या खिशात एक कार्ड : ‘मला स्ट्रोक झाला आहे. मला समजतं. बोलायला वेळ लागतो. कृपया माझ्याशीच बोला.’ पहिलं वाक्य ‘दाखला द्यायचाय’ जमलंय. दुसऱ्यात स्वतःचं नाव, ते दहातून सात वेळा येतं. तिसऱ्यापाशी गाडं अडलं होतं. ताईंनी लिहून दिलं होतं, ‘माझी पेन्शन जमा झाली का?’ काका ‘पेन्शन’पर्यंत यायचे आणि मग ‘झाला… झालं… झा…’ करत थांबायचे. शेवटच्या अक्षराची तीच अडचण.

मॅडमनी कागद घेतला आणि ‘जमा झाली का’ खोडलं. काकूंना विचारलं, “तुम्ही घरी कसं म्हणता?”

“आम्ही म्हणतो, पेन्शन आलं का.”

“आणि डेपोत सगळे काय म्हणायचे?”

काकांनी बोट वर केलं. तोंड दोनदा उघडलं, मिटलं. “आली… का.”

दोन्ही मराठीत चालतं, त्यामुळे दोन्ही बरोबर धरायचं, असं मॅडमनी गुणपत्रिकेच्या समासात लिहिलं आणि चाचणीच्या यादीतही ‘पेन्शन’पुढे खूण केली. ताईंनी नवं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘पेन्शन आली का?’ काकांनी ते वाचलं, मग कागद उलटा ठेवून म्हटलं, मग काकूंकडे पाहून पुन्हा म्हटलं. पुढची वेळ बुधवारची ठरली. त्या दिवशी ताई काउंटरपलीकडे बसणार आहेत, आणि मुद्दाम घाई करणार आहेत.